समाचाराची गोष्ट

प्रणाली मगदूम बरी झाली, असं यंत्रानं सांगितलं. पहिल्याच बैठकीत पडद्यावर हिरवा दिवा लागला, डॉक्टर मेहेंदळे खुर्ची मागं सारून "अभिनंदन" म्हणाल्या, नर्सनं कपाळावरची पट्टी सोडवून मलम पुसलं. प्रणालीनं दोघींचे आभार मानले, पर्स उचलली, वऱ्हांड्याच्या टोकाच्या बाथरूममध्ये गेली, आणि तिला दार लावता येईना.

हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच थिजला. डोळ्यांत नसलेला धूर झोंबायला लागला. शेवटी तिनं एक पाय लांब करून दार उघडं धरलं, ओढणीचा आडोसा केला आणि बेसिनपाशी हात धुणाऱ्या अनोळखी बाईला विनवलं, की जरा कुणाला येऊ देऊ नका. बाई भली होती, उभी राहिली. पण चाळिशीला टेकलेली बाई, एवढ्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये चेंबरांची इनचार्ज, जिच्या शब्दावर बेदाण्याचे ट्रक हलतात, तिच्यावर ही वेळ यावी. आणि म्हणे बरी झाली. डोंबलाची बरी.

लिफ्टपाशी सम्मेद थांबला होता, तिचा नवरा. तिच्या तोंडाकडं त्यानं एकदा बघितलं आणि काही न विचारता जिन्याकडं वळला. दोघं मजले उतरायला लागले. मधल्या वळणावर त्याच्या खिशातला फोन वाजला. सासूबाई, म्हणजे आत्ती, घरून विचारत होत्या, हिरवा आला का. सम्मेद म्हणाला, आला. पलीकडं आत्तींनी देवाचं नाव घेतलं ते इकडं प्रणालीलासुद्धा ऐकू आलं. आता संपलं बघ सगळं, असं त्या म्हणाल्या, तेव्हा प्रणालीला वाटलं, हा फोन घ्यावा आणि जिन्यावरून खाली भिरकावून द्यावा.

या यंत्राचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं. मिरज-सांगलीकडं सगळे त्याला 'निवळणी' म्हणत. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की गाळ खाली बसतो आणि पाणी आहे तिथंच राहतं, तसंच हे. आठवण राहते, तिच्यातली भीती तेवढी खाली बसते.

डॉक्टर मेहेंदळेंनी पहिल्याच दिवशी तिला नीट समजावून सांगितलं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, ती फ्रिजमधली आमटी आहे. दर वेळी ती बाहेर काढायची, गरम करायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. एखादी गोष्ट आठवली की मेंदूतल्या ज्या पेशींनी ती धरून ठेवलेली असते त्यांचे आपसातले दुवे काही तास सैल पडतात, आणि मग नवी प्रथिनं तयार होऊन पुन्हा घट्ट बसतात. आमटी गरम असते तेवढ्या वेळातच तिच्यातलं मीठ कमी-जास्त करता येतं. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या बाजूला, बदामाएवढी एकेक गाठ असते. भीतीचं ठाणं तिथं. दुवे सैल असताना बाहेरून बारीक ध्वनिलहरी नेमक्या त्या बदामावर सोडल्या, की त्या आठवणीशी जोडलेली भीतीची तार ढिली होते.

मात्र यात एक अट होती. नुसतं आठवून भागत नाही. आठवताना मेंदूला जे घडेल असं वाटतं, त्याच्यापेक्षा काहीतरी वेगळं घडावं लागतं, तरच तो भांड्याचं झाकण काढतो. नाहीतर म्हणतो, हे तर मला ठाऊकच आहे, आणि झाकण तसंच ठेवतो. म्हणून ऐन भीतीच्या क्षणी ते यंत्र कपाळाला मंद ऊब द्यायचं. जिथं मरण दिसायला हवं तिथं ऊब, म्हणजे मेंदू बुचकळ्यात पडतो. एका आठवणीला जास्तीत जास्त तीन बैठका. त्यापुढं लहरी सोडल्या तर बदामच बधिर व्हायचा, आणि मग माणूस रस्ता ओलांडतानाही भ्यायचा नाही.

यंत्र चांगलं होतं, नाही कोण म्हणतंय? पुरात छपरावर बसून राहिलेली माणसं त्यानं पुन्हा नदीकाठी नांदायला लावली. पण झालं काय, की दुखणं तीन बैठकांत बरं व्हायला लागल्यावर लोकांची सबुरीही तीन बैठकांचीच झाली. पूर्वी एखादा वर्षभर गप्प बसून राहिला तर शेजारीपाजारी म्हणत, धक्का बसलाय, सावरेल हळूहळू. आता म्हणत, का, निवळणी केली नाही का अजून? आणि निवळणी होऊन हिरवा दिवा लागल्यावरही जो रडेल, तो नाटकी. यंत्र खोटं बोलतंय होय?

अपघाताच्या दिवशी काय झालं, ते साऱ्या गावाला पाठ होतं. तासगाव भागातलं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. प्रणाली चेंबरमध्ये माल बघत होती, सम्मेद त्याच ठिकाणी गारव्याच्या प्लँटवर ऑपरेटर. वरची अमोनियाची पाइप सांध्यात फुटली. पांढरा धूर खाली आला. प्रणाली तोंडाला ओढणी धरून दाराकडं पळाली, तेवढ्यात दार आपोआप लागलं. आतून उघडायचा दांडा बर्फानं धरलेला, हलेना. तिनं हाका मारल्या. आणि सम्मेद जिवावर उदार होऊन आला, त्यानं दार उघडलं, बायकोला ओढून बाहेर काढलं.

पाठ असणारच की. आमच्याकडं कुणाच्या घरी असलं काही झालं, की माणसं समाचाराला येतात. दवाखान्यातून घरी आल्यापासून रीघ लागली. नातेवाईक आले, भिशीच्या बायका आल्या, ग्रेडिंगच्या हॉलमधल्या, बेदाणे निवडणाऱ्या बायका टेम्पो करून आल्या, पलीकडच्या गल्लीत मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा जाता जाता डोकावून गेले. शहाळी, केळी, बिस्किटांचे पुडे. चहा झाला की आत्ती म्हणायच्या, "सांग गं यांना, कसं झालं." आणि प्रणाली सांगायची. घसा अजून भाजलेला, तरी सांगायची, कारण माणसं वाट वाकडी करून आलेली. मध्ये काही सुटलं की आत्ती बाजूनं आठवण करून देत, की ओढणीचं राहिलं. ऐकणारे ठरल्या जागी चुकचुकत आणि ठरल्या जागी सम्मेदकडं कौतुकानं बघायला मान वळवत. तर तो तिथं नसायचाच. पाहुणे आले की तो दूध आणायला जायचा. घरात दुधाचा महापूर आला, पण त्याचं दूध आणणं काही थांबेना.

व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. आत्तींनी तो फोटो हॉलमध्ये लावला. सम्मेद जेवायला बसला की फोटोकडं पाठ करून बसायचा.

घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या मात्र त्यानंच काढल्या. प्रणाली घरी आली त्याच दिवशी, कुणी न सांगता, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. बाथरूमला पडदा लागला. आत्ती अंघोळीला गेल्या की मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणायच्या, म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळावं. पुण्याची नणंद दोन दिवस राहून गेली आणि जाताना म्हणाली, हे काय घर आहे की धर्मशाळा? फ्रिजचं दार लागताना 'सुप्प' असा आवाज येतो ना, तेवढ्यानंसुद्धा प्रणालीचे तळहात गार पडत. म्हणून सम्मेदनं फ्रिज मागच्या ओसरीवर नेऊन ठेवला. सगळे म्हणाले, काय बाई नशीब, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. प्रणाली मान डोलवायची आणि आतल्या आत दात आवळायची.

दुसऱ्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा मालकानं कामावर बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हता, म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. सगळ्या पाइपा बदलल्यात, आतले दांडेही नवे बसवलेत, असं त्यानं स्वतः फिरून दाखवलं. बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं. प्रणाली लोकरी टोपी चढवून चेंबरमध्ये शिरली. बेदाण्याच्या बॉक्सवरून हात फिरवला, वास घेतला, आणि क्षणभर तिला खरंच वाटलं, की जमतंय. तिला हे काम आवडायचं. लग्नाआधीपासून आवडायचं.

मग मागं दार लागलं. सुप्प.

ती शुद्धीवर आली तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेली होती, सलवार ओली झाली होती, आणि भोवती बायका ओढण्यांचा आडोसा करून उभ्या होत्या. एकजण दुसरीला हळूच म्हणत होती, पण हिरवा आला होता की गं. मालकानं तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं. शेवटची बैठक करून घ्या, असं तो म्हणाला. चेंबरची जबाबदारी अशी अर्धवट माणसावर टाकता येत नाही, तुम्हीच सांगा. यंत्र बरी म्हणतंय आणि तुम्ही नाही म्हणताय, मी कुणाचं ऐकू? तिसरा हिरवा आणूनही हेच झालं, तर मग तिनं काम सोडलेलं बरं.

घरी आत्तींनी तिची दृष्ट काढली. आणि दृष्ट काढता काढता पुटपुटल्या, की मनानं पण थोडं घ्यावं लागतं बाई, सगळं यंत्रावर टाकून कसं चालेल. प्रणालीनं ओढणी झटकली आणि मागच्या ओसरीवर जाऊन फ्रिजला लाथ घातली. पायाचं बोट चांगलं सुजलं.

ती तशीच लंगडत मिरजेला गेली, एकटी, बसनं. डॉक्टर मेहेंदळेंपुढं बसून तिनं सरळ विचारलं, की तुमचं यंत्र बिघडलंय की मी?

मेहेंदळे बाई वयानं लहान, पण मानी नव्हत्या. त्यांनी दोन्ही बैठकांचे आलेख पडद्यावर काढले आणि बराच वेळ बघत बसल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. ध्वनिलहरी सुरू करण्याआधीच भीतीची रेघ सपाट होती. पहिल्या बैठकीतसुद्धा. प्रणाली धूर, दार, हाका सगळं सांगत होती आणि तिचा बदाम निवांत झोपला होता. जागा होता तो मेंदूचा दुसरा भाग, कविता म्हणताना, पाढे म्हणताना जागा असतो तो.

"ही हकीकत तुम्ही आजपर्यंत किती जणांना सांगितलीय?" त्यांनी विचारलं.

प्रणालीला हसूच आलं. तिनं समाचाराचं सगळं सांगितलं. चहा, शहाळी, ओढणीचं राहिलं.

"म्हणजे आम्ही तुमची आठवण निवळलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "समाचाराची गोष्ट निवळली."

त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. हे यंत्र जिथं तपासून घेतलं, तिथं माणूस अपघातातून उठला की त्याला एकटं सोडतात. त्याच्या घरी अर्धा तालुका चहाला येत नाही. इथं शंभर वेळा आमटी गरम झाली, दर वेळी थोडं पाणी पडलं, आणि शेवटी उरलं ते नुसतं पाणी. खरी आठवण खाली भांड्याच्या बुडाशी तशीच, हातसुद्धा न लागलेली. मी पण इथलीच, माझ्या आजोळी हेच चालतं, मला पहिल्या दिवशी सुचायला नको होतं का, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, प्रणालीच्या मनात आलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, की या गोष्टीत नसलेलं, कुणालाच न सांगितलेलं, असं काही आहे का. प्रणाली पर्सचा पट्टा नीट करायला लागली. डॉक्टरांनीही खोदून विचारलं नाही. असेल तर आत्ता सांगू नका, म्हणाल्या, मलाही नाही आणि घरीही नाही. सांगितलं की तिच्यावर साय धरते. यंत्राला ती कच्ची सापडायला हवी, आणि बैठक आता एकच उरलीय.

प्रणाली उठली, पण दारातून मागं फिरली. "भीती गेली की राग पण जातो का हो?"

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. बहुतेकांचा जातो. झालं ते दुसऱ्या कुणाला झालं असं वाटायला लागतं. बरेच जण मग समोरच्याला माफ करून टाकतात.

"ते करतात, की यंत्र करतं?"

मेहेंदळे बाई पडद्यावरचे आलेख बंद करायला लागल्या.

कुणालाच न सांगितलेलं होतं ते एवढंच. दार आपोआप लागलं नव्हतं. ते सम्मेदनं लावलं होतं.

धुरातून ती दाराकडं धावत होती, दार अर्धवट उघडं होतं, आणि त्या फटीत सम्मेद दिसला. तिला वाटलं, वाचले. त्यानं तिच्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत बघितलं, आणि दार ओढून घेतलं. सुप्प. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला. दाराला वहीच्या पानाएवढी काच होती, तिच्यात त्याचा चेहरा होता. ती काचेवर मुठी मारत होती. आणि मग काचेत चेहरा नव्हता.

तो परत आला, हेही खरं. ओलं पोतं तोंडाला गुंडाळून आला आणि त्यानंच तिला काढलं. मधला वेळ किती गेला ते तिला सांगता आलं नसतं. समाचाराला पहिलीच बाई आली तेव्हा आत्तींनी विचारलं, पण दार कसं लागलं गं? सम्मेद ट्रे घेऊन समोर उभा होता, कपबशा वाजत होत्या. प्रणालीनं म्हटलं, आपोआप. त्याला वाचवायला म्हटलं, घरातल्या माणसांसमोर तमाशा नको म्हणून म्हटलं, कशाला म्हटलं देव जाणे. एकदा म्हटलं ते कायमचं चिकटलं. त्याला शाल मिळाली, आणि तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. हे सगळं यंत्राच्या खुर्चीत सांगायचं, बरं व्हायचं, चेंबरमध्ये परत जायचं. पण मग भीतीबरोबर रागही जाणार, आणि ज्या माणसानं तिला एकदाही 'चुकलो' म्हटलं नाही, त्याला एक मशीन परस्पर माफ करून मोकळं होणार. ती शांतपणे त्याला जेवायला वाढणार आणि त्याला कधी विचारणारही नाही. नाहीतर आधी त्याच्याशी बोलायचं, शेवटची संधी नासवायची, कामही घालवायचं. कुठूनही बघितलं तरी भुर्दंड तिलाच. या विचारानं ती इतकी वैतागली, की आठवडाभर तिनं भाकरी थापताना परातीवर हात आपटून आपटून शेजारच्यांना जागं केलं.

बैठकीच्या दिवशी मेहेंदळे बाईंनी दार नेहमीसारखं उघडंच ठेवून पट्टी बांधली. नियमाप्रमाणं सोबती म्हणून सम्मेद स्टुलावर बसला, तिचा हात हातात धरून, मागच्या दोन्ही वेळांसारखा. डॉक्टर म्हणाल्या, करू या सुरू. प्रणाली म्हणाली, लहरी बंद ठेवा. मला आधी ह्यांच्याशी बोलायचंय.

डॉक्टरांनी तिला पुन्हा एकदा आठवण करून दिली, काय पणाला लागलंय त्याची. मला माहीत आहे, ती म्हणाली. मग ती नवऱ्याकडं वळली.

"दार आपोआप लागलं नव्हतं. तुम्ही लावलंत. मला बघून लावलंत."

त्याच्या हातातला तिचा हात त्यानं सोडला नाही, आवळलाही नाही. त्याच्याजवळ बचाव होता, आणि तो तिनंच कितीतरी महिने मनात त्याच्यासाठी तयार करून ठेवला होता: गॅस सुटला की चेंबरची दारं बंद करायची हा प्लँटचा नियमच आहे, पलीकडं हॉलमध्ये ग्रेडिंगच्या बायका होत्या, धूर तिकडं गेला असता. तो असं म्हणेल याची ती वाट बघत होती.

"नियम आहे," सम्मेद म्हणाला. "पण मी नियमानं नाही लावलं. घाबरलो. पाय पळाले."

"आणि परत का आलात?"

"ते मला माहीत नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत पळालो होतो. माहीत असतं तर सांगितलं असतं."

तिला वाटलं होतं, एवढं ऐकलं की हलकं वाटेल. कसलं काय. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं. इतके महिने का नाही बोललात, असं तिनं विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, की तू आपोआप म्हणालीस, मग मला तोंडच राहिलं नाही. म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर का, असं ती इतक्या जोरात म्हणाली, की बाहेरून जाणारा माणूस थबकला. कड्या काढत बसलात, फ्रिज वाहून नेलात, दूध आणलंत, एक वाक्य तेवढं आणता आलं नाही. सम्मेद रडत होता. तिला त्याचाही राग आला.

मेहेंदळे बाई हळूच म्हणाल्या, "प्रणालीताई, पडद्याकडं बघा." भीतीची रेघ वरच्या काठाला जाऊन टेकली होती. आत्ता सापडलीय, पूर्ण उघडी आहे, त्यांनी सांगितलं, आत्ता लहरी सोडल्या तर नेमक्या लागतील. सोडू?

प्रणालीनं पडद्याकडं बघितलं नाही. ती दाराकडं बघत होती. या खोलीच्या दारालाही काच होती, साधारण तेवढीच, आणि मागच्या दोन्ही बैठकांत ती त्या काचेकडं पाठ करून बसली होती. कपाळावरची पट्टी तशीच ठेवून, वायर सावरत ती उठली.

"तुम्ही बाहेर जा," ती नवऱ्याला म्हणाली. "काचेपाशी उभं राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

डॉक्टर काहीतरी बोलणार होत्या, पण मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी यंत्राच्या बटणावरचा हात काढून घेतला. जे घडेल असं मेंदूला वाटतं त्यापेक्षा वेगळं घडायला हवं. कपाळाला ऊब देऊन ते होतं, तर असंही होईल. नाहीतर होणार नाही. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं.

सम्मेद बाहेर गेला. आवाज आत येऊ नये म्हणून दाराला रबर होतं, त्यानं दार ओढलं तसा तोच आवाज झाला. सुप्प. काचेत त्याचा चेहरा आला. प्रणाली खालीच बसली, तोंडात अमोनिया भरला. बसल्या जागेवरून काच दिसेना. गेला, तिला वाटलं, गेला परत. टेबलाचा पाय धरून ती कशीबशी उठली. चेहरा तिथंच होता.

तेवढ्यात जेवणाची गाडी ढकलत एक मावशी आली. वऱ्हांडा अरुंद, सम्मेद बरोबर मध्ये. मावशींनी बाजूला व्हा म्हटलं असावं. आत काही ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती. तो हलला नाही. मावशींनी गाडीनं त्याला ढोसलं. वरण हिंदकळून त्याच्या पँटवर गेलं. वरण गरम असणार, कारण त्याचं तोंड वाकडं झालं, पण तो काचेतून तिच्याकडंच बघत राहिला. मग शिपाई आला आणि त्यानं सम्मेदची कॉलर धरली. सम्मेदनं दोन्ही हातांनी चौकट धरली. गाल काचेला चपटा झाला, चष्मा तिरका झाला. नजर काही त्यानं काढली नाही.

प्रणालीला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि रडता रडता तिनं त्याला अशी शिवी हासडली, की मेहेंदळे बाईंनी कानावर हात नेला. "आता थांबताय," ती काचेकडं बघून ओरडली. "आता!" त्याला ऐकू गेलं नाही. तरी त्यानं होकाराची मान हलवली.

पडद्यावर लाल दिवा होता. रेघ वरून जराशी खाली आली होती, फार नाही. डॉक्टरांनी विचारलं, बैठक शिल्लक राहिलीय, मग आज काय लिहू?

"लिहा, बरी नाही," प्रणाली नाक पुसत म्हणाली. "अजून नाही. मालकांना मी सांगते, ग्रेडिंगच्या हॉलमध्ये काम द्यायचं असेल तर द्या, नाहीतर राहिलं. आणि ह्यांना सांगा, उद्यापण यायचंय. उभं राहायला."

मग ती दारापाशी गेली. तिचा हात कडीपर्यंत गेला. या वेळी तो थिजला नाही. तिनं कडी लावली, आतून, स्वतःच्या हातानं. बाहेर शिपाई अजून ओढत होता, आणि सम्मेद उभाच होता.